मापाचे वायपर

गाडीचे दोन्ही वायपर एकमेकांच्या गळ्यात पडून काचेच्या मधोमध अडकले, तेव्हा तिला मनातल्या मनात हायसं वाटलं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. वरवर ती काळजीत पडल्यासारखी दिसत होती. त्यासाठी तिला वेगळे कष्ट घ्यावे लागत नसत. लेकीचा, भिंगरीचा, जन्म झाल्यापासून तिचा चेहरा कायम, घरातून निघताना गॅस बंद केला होता का, हे आठवत असलेल्या माणसासारखा असे. पण आत कुणीतरी हळूच टाळी वाजवली. सुंठीवाचून खोकला गेला.

खोकला असा होता की, सासूबाईंना आज दवाखान्यातून घरी आणायचं होतं. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन छान पार पडलं होतं आणि दुपारच्या जेवणानंतर त्यांना सोडणार होते. आणायला तिचा नवरा जाणार होता, पण आदल्या दिवशी त्याच्या कारखान्यातलं मोठं यंत्र बंद पडलं आणि तो दुसऱ्या गावात अडकला. सासऱ्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन त्याच्या आधीच झालेलं. घरात ऑपरेशनांचा हंगामच चालू होता म्हणा ना. डॉक्टरांनी त्यांना गाडी चालवायची नाही म्हणून दम भरला होता. राहता राहिली ती.

तिला गाडी येत नव्हती असं नाही. कॉलेजात असताना लायसन काढलं होतं आणि चांगली सफाईदार चालवायची. पण भिंगरीला दवाखान्यातून घरी आणताना ती बाळाला घेऊन मागच्या सीटवर बसली, ती आजतागायत तिथेच बसत आली. पुढे यायचा विषय निघाला की काहीतरी निघायचंच. कधी ऊन डोळ्यांवर यायचं, कधी टायरचा आवाज बरोबर वाटायचा नाही, कधी भिंगरीला सर्दी झालेली असायची. यातलं एकही खोटं नव्हतं. घरातल्या कुणी तिला कधी टोकलं नाही, आणि आज तर सकाळपासून पाऊस लागला होता.

टॅक्सी करता आली असती. पण सासूबाईंचा पाय सरळ ठेवायचा होता, आणि घरच्या गाडीची पुढची सीट पार मागे सरकते तशी टॅक्सीची सरकेल याची खात्री कोण देणार. शिवाय दुसरं कारण होतं, आणि ते जास्त अवघड होतं. सासूबाईंनी आपल्या वॉर्डात सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. शेजारच्या खाटेवरच्या बाईंना, त्यांच्या बहिणीला, सकाळच्या नर्सला, संध्याकाळच्या नर्सला. माझी सून येणार आहे न्यायला. स्वतः गाडी घेऊन.

म्हणून सकाळची कामं उरकून, भिंगरीला कडेवर घेऊन ती खाली पार्किंगमध्ये उतरली होती. इमारतीच्या पोटाखाली गाडी कोरडी उभी होती. तिने टायर दाबून पाहिले. दिवे लावून पाहिले. आरसे, हॉर्न, ब्रेक. सगळं जागच्या जागी होतं, आणि ते पाहून तिचं तोंड उतरत चाललं होतं. शेवटी वायपर सुरू केले. चालकाच्या बाजूचा वायपर वर गेला, खाली आला आणि येता येता शेजारच्याच्या पाठीवर चढला. तिने दचकून चावीच ओढून काढली. ही तिची सवय होती. इस्त्री असो, मिक्सर असो, टीव्ही असो, ती काहीही बटणाने बंद करत नसे, सरळ प्लग उपटत असे. लहान मुलांच्या घरात बटणावर विश्वास ठेवायचा नसतो, असं तिचं मत होतं.

तिने जड आवाज काढून सासूबाईंना फोन लावला. वायपर बिघडलेत, बाहेर पाऊस आहे, मेकॅनिक उद्या येतो म्हणालाय, तेव्हा आज रात्री यांनाच परत येऊ दे, मग उद्या आपण...

"नाचता येईना अंगण वाकडं, असं तर नाही ना गं?" सासूबाईंनी विचारलं. आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं. "हे बघ, मी बॅग भरून बसलेय. तू येशील तेव्हा ये. पण टॅक्सीत मी पाय ठेवायची नाही. आणि ठेवायचा म्हटला तरी तो वाकत नाही."

फोन ठेवून ती वळली तर सासरे मागे उभे. डोळ्यांवर ऑपरेशननंतरचा काळा चष्मा, खांद्यावर मापाची टेप. सगळा मोहल्ला त्यांना मास्तर म्हणायचा, कारण आयुष्यभर त्यांनी कपडे शिवले. दुकान बंद केलं तरी टेप काही खांद्यावरून उतरली नाही. आता हे वायपर बिघडले कसे, याचं उत्तरही मास्तरांपाशीच होतं, पण ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. गाडी रोज सकाळी पुसायची हा त्यांचा नेम. आणि पुसून झाली की कडक कॉलर ओढून सरळ करावी, तसे ते दोन्ही वायपर धरून ओढायचे. रोज ओढून ओढून मुळाशी असलेले नट सैल झाले होते, इतकंच.

मास्तर काचेसमोर उभे राहिले. मान तिरकी करून त्यांनी दोन वायपरांकडे पाहिलं, चुकीच्या बाह्या लावलेल्या सदऱ्याकडे पाहावं तसं.

"उसवावं लागेल," ते म्हणाले.

ती म्हणाली, बाबा, मेकॅनिक उद्या येणार आहे. मास्तर म्हणाले, त्याचा उद्या मी गेली तीस वर्षं ओळखतो. ती म्हणाली, काही तुटलं तर? मास्तर म्हणाले, तुटायला ते बिस्कीट आहे का? आणि ते पाना आणायला वर गेलेसुद्धा. पडत्या फळाची आज्ञा मानून घरी जाऊन बसायचा तिचा बेत तिथेच बारगळला. सासऱ्यांना एकटं सोडून कसं जाणार? डोळ्याला वाकणं चालत नाही, पाना घसरला म्हणजे? ती थांबली. केवळ लक्ष ठेवायला, असं तिने स्वतःला बजावलं.

प्रत्येक वायपरच्या मुळाशी प्लास्टिकचं एक झाकण होतं. ते नखाने उचकटलं की खाली नट. मास्तरांनी पाना लावला, वाकायचं काम तिने केलं. नट निघाले, दांडे थोडे हलवल्यावर उचलून हातात आले. खाली नुसते दोन खुंट उरले, चहूबाजूंनी बारीक दाते असलेले. या दात्यांवर दांडा जसा बसवू तसा तो बसणार, हे दोघांनाही लगेच कळलं. मग काय, काम सोपंच. मास्तरांनी खिशातून साबणाचा चपटा तुकडा काढला. कापडावर खुणा करायला ते खडूऐवजी साबण वापरत, पातळ झालेला, सुकून धार आलेला. काचेच्या खालच्या कडेला त्यांनी एक सरळ रेघ मारली. झोपलेले वायपर या रेघेवर झोपले पाहिजेत. तिने दांडे रेघेवर आडवे ठेवले, खुंटांवर दाबले, नट आवळले. वर भिंगरी बागेतली झारी घेऊन बॉनेटवर बसली होती. तिला काचेवर पाऊस पाडायचं काम दिलं होतं, आणि ते ती इतक्या निष्ठेने करत होती की निम्मा पाऊस आजोबांच्या बुटात पडला.

भिंगरीला खाली उतरवून तिने चावी फिरवली. वायपर वर जाण्याऐवजी खाली गेले. अगदी जोशात, बॉनेटवर, खाड खाड, एखाद्याने दार वाजवावं तसे. भिंगरी खदखदून हसली. तिच्या आईने किंचाळत चावी उपटली.

"उलटं बेतलं गेलं," मास्तर शांतपणे म्हणाले. "उसव."

दुसऱ्या खेपेला मास्तरांनी रेघ वर घेतली. या वेळी चालकाच्या बाजूचा वायपर काच ओलांडून बाहेर गेला आणि हवेत थडथडत राहिला, कुणाला तरी बोलावत असल्यासारखा. पुन्हा चावी. पुन्हा उसव. तिसऱ्या खेपेला दोघे पुन्हा एकमेकांच्या गळ्यात. काचेवर आता साबणाच्या इतक्या रेघा झाल्या होत्या की कुणी तिथे कोटाचं कापड बेतायला घेतलंय असं वाटावं. मास्तर प्रथमच जरा गोंधळले. त्यांच्या हातून रेघ चुकत नसे. तेच तेच माप घेऊन दर वेळी वेगळाच कपडा निघावा, असं त्यांच्या जन्मात झालं नव्हतं.

"काच दर वेळी अंग चोरतेय का?" ते पुटपुटले, आणि खांद्यावरची टेप या खांद्यावरून त्या खांद्यावर केली. अवघड गिऱ्हाईक आलं की ते असं करत.

तिला आता खरं म्हणजे वर जायला हरकत नव्हती. प्रयत्न झाले होते, साक्षीदार होते. पण काय झालं कुणास ठाऊक, तिचा राग त्या दोन खुंटांवर केंद्रित झाला होता. रोज दहा गोष्टींवर नजर ठेवणारी बाई ती. भिंगरीचं नाक वाहायच्या आधी तिला कळायचं की उद्या नाक वाहणार. आणि हे दोन लोखंडाचे तुकडे तिच्या डोळ्यांदेखत तिला बनवत होते.

दांडे काढून ठेवले होते. भिंगरी आता काचेच्या पावसाला कंटाळली होती, म्हणून तिला मांडीवर घेऊन ती चालकाच्या सीटवर बसली. गिअर काढलेला, हँडब्रेक ओढलेला, हे तिने दोनदा तपासलं. चावी लावली. भिंगरीने लगेच स्टिअरिंगजवळची वायपरची दांडी खाली केली, वर केली. बाहेर नुसते खुंट इकडून तिकडे, तिकडून इकडे वळायला लागले.

"नाचतायत," भिंगरी म्हणाली.

तिने खुंटांकडे टक लावून पाहिलं. एका खुंटाच्या डोक्याला मास्तरांच्या साबणाचा पांढरा ठिपका लागला होता. भिंगरीने दांडी बंद केली तरी खुंट लगेच थांबला नाही. फिरत फिरत परत आला, ठिपका भिंतीकडे झाला, आणि मग थांबला. तिने भिंगरीला पुन्हा चालू करायला सांगितलं, पुन्हा बंद. ठिपका पुन्हा भिंतीकडे. आणखी एकदा. भिंतीकडेच. मग तिने चालू असतानाच नेहमीसारखी चावी उपटली. ठिपका छताकडे बघत जागच्या जागी मेला.

घोडं कुठे पेंड खात होतं ते तिला कळलं, आणि कळल्यावर आधी हसू आलं. वायपरला स्वतःचं घर होतं. बटणाने बंद केलं तर तो आपलं काम संपवून, चालत चालत घरी जाऊन झोपायचा. ती मात्र दर वेळी त्याला रस्त्यातच मारत होती, आणि वाटेत पडलेल्या त्या बिचाऱ्याला ते दोघे घरी झोपलाय असं समजून कपडे घालत होते. रेघ कशी जमणार?

तिने मास्तरांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी हातातल्या साबणाकडे पाहिलं. मग म्हणाले, "म्हणजे गिऱ्हाईक हात वर करून उभं असताना मी बाहीचं माप घेत होतो."

"मीच करायला लावत होते हात वर," ती म्हणाली.

"ते जाऊ दे. आता खाली करायला लाव."

या वेळी तिने चावी लावली, वायपर सुरू करून दांडीने बंद केले, आणि दोन्ही खुंट आपापल्या घरी पोचेपर्यंत श्वास रोखून वाट पाहिली. मास्तरांनी ओल्या फडक्याने काचेवरचा सगळा साबण पुसून एकच रेघ नव्याने मारली. दांडे रेघेवर, खुंटांवर, नट घट्ट. भिंगरीला पुन्हा बॉनेटवर चढवून झारी हातात दिली. पाणी पडलं, भिंगरी उतरली, वायपर सुरू झाले आणि दोघे मिळून वर गेले, मिळून खाली आले. एका लयीत, एकमेकांना धक्का न लावता. काच अशी स्वच्छ झाली की पलीकडची पार्किंगची भिंत, तिच्यावरचे डाग, पावसात चमकणारं फाटक, सगळं एकदम जवळ आल्यासारखं वाटलं. भिंगरी त्यांना हात हलवून टाटा करायला लागली, कारण तेही तिला टाटा करत होते.

तिचा जीव भांड्यात पडला. पण मास्तर आपले चष्म्याआडून बघतच होते.

"ट्रायल झाली नाही अजून," ते म्हणाले. "बस आत. गाडी चालवताना बसतेस तशी."

ती बसली. सीट पुढे ओढून, स्टिअरिंगच्या जवळ, मान उंच करून, जशी ती पूर्वी बसायची. मास्तरांनी दारातून टेप आत घातली आणि सीटपासून तिच्या डोळ्यांपर्यंतचं माप घेतलं. मग स्टिअरिंगपासून कपाळापर्यंत. सासऱ्यांनी गाडीत बसवून आपलं माप घ्यावं, हे तिला अगदी विचित्र वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. ते बाहेर जाऊन काचेवर, तिच्या डोळ्यांसमोर येईल असा, साबणाचा एक ठिपका द्यायला लागले. इकडे? जरा वर. इकडे? हां. आणि तिला दिसलं. वायपर जिथे वळून परत यायचा, तिथे कडेला एक न पुसलेला पट्टा राहत होता. उंच आणि मागे रेलून बसणाऱ्या तिच्या नवऱ्याला तो कधी आडवा आला नसेल. तिच्या मात्र तो नेमका नजरेत होता. वळणावर जिथून माणूस येतो, सायकल येते, मूल धावत येतं, तिथेच.

"बाबा, हा पट्टा," ती म्हणाली.

"दिसला का? तेच बघत होतो मी, दिसतो का तुला." ते खूश झाले. "हे तयार कपड्यासारखं आहे. सगळ्यांना होतं, कुणालाच बसत नाही. एक दाता पुढे घे."

तिने नट सैल केला, दांडा उचलला, एक दाता पुढे बसवला. भिंगरीने पाऊस पाडला. पट्टा निम्मा झाला. मास्तर म्हणाले, चालेल ना? पूर्वीची ती असती तर म्हणाली असती, चालेल, चालेल, राहू दे.

"अजून एक दाता," ती म्हणाली.

पट्टा गेला. काच कडेपर्यंत लख्ख झाली. अर्थात कापड तेवढंच, एकीकडे सोडलं की दुसरीकडे तोकडं पडणार. तिच्या बाजूचा वायपर पुढे सरकला तसा मधला, शेजारच्या माणसासमोरचा एक त्रिकोण कोरा राहायला लागला. तो बघून मास्तर म्हणाले, तिथे कोण बसणार आहे ते ठाऊक आहे ना? ती म्हणाली, ठाऊक आहे. मास्तरांनी तिच्या डोळ्यांसमोरचा ठिपका तेवढा अंगठ्याने पुसून टाकला.

मग भिंगरीला तिच्या मागच्या खुर्चीत बांधलं, पट्टा ओढून पाहिला, पुन्हा ओढून पाहिला. मास्तर शेजारी बसले. ती पुढे आली, दार लावलं, आणि पावसात वायपर कसे चालतात ते बघायचं म्हणून गाडी फाटकाकडे घेतली. टपटप थेंब पडले, वायपरांनी ते पुसले. वा. जरा जास्त पावसात बघू म्हणून ती रस्त्यावर आली. तिथेही छान. पुढच्या वळणावर छत्री घेतलेले एक आजोबा रस्ता ओलांडत होते, ते तिला दुरून, अगदी त्या कडेच्या काचेतून दिसले. तिने गाडी हळू केली, आजोबांनी छत्री हलवली, ती पुढे गेली. दुसरं वळण घेतल्यावर तिच्या ध्यानात आलं की आपण गाडी चालवतोय. घाबरायचं राहूनच गेलं होतं. आता घाबरावं तर अर्धा रस्ता संपला होता, आणि परत फिरायचं म्हणजे गर्दीत गाडी वळवावी लागली असती, त्यापेक्षा सरळ जाणंच सोपं. मागून भिंगरी वायपरांच्या तालावर काहीतरी गात होती. त्या गाण्याला शब्द एकच होता, तो म्हणजे टाटा.

दवाखान्याच्या पोर्चमध्ये सासूबाई चाकाच्या खुर्चीत बसून होत्या, मांडीवर बॅग. काचेच्या दारामागे शेजारच्या खाटेवरच्या बाई, त्यांची बहीण आणि एक नर्स, तिघी काहीतरी काम असल्यासारख्या उभ्या होत्या. गाडी पोर्चला लागली आणि पुढचं दार उघडून ती उतरली, तेव्हा सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलंच नाही. त्यांनी मान वळवून काचेमागच्या तिघींकडे पाहिलं. मग सावकाश इकडे.

"उशीर झाला," त्या म्हणाल्या.

मास्तर मागे जाऊन बसले. पुढची सीट पार मागे सरकवली, सासूबाईंना उचलून, पाय सरळ ठेवून, उशी देऊन बसवलं. नर्सने सूचना सांगितल्या, त्या तिने परत म्हणून दाखवल्या. गाडी निघाली. पाऊस चांगलाच वाढला होता. थोडा वेळ सासूबाई रस्त्याकडे बघत राहिल्या, मग डावीउजवीकडे मान हलवली, मग डोळे बारीक केले.

"हे काय गं? माझ्यासमोरची काच पुसतच नाहीये. मला काही म्हणता काही दिसत नाही."

"मापात आहे ते," मागून मास्तर म्हणाले.

"कुणाच्या मापात?"

"माझ्या," ती म्हणाली. समोर एक सायकल वळत होती, तिला तिने वाट दिली. "तुम्हाला दिसायची गरज नाही, आई. मला दिसतंय."

मागे भिंगरीने गाणं थांबवलं. असलं वाक्य त्या घरात आजवर कुणी सासूबाईंना ऐकवलं नव्हतं. तिला स्वतःलाही ते आपल्याच तोंडून बाहेर पडलं यावर जरा विश्वास बसेना. सासूबाईंनी समोरच्या धूसर त्रिकोणाकडे पाहिलं, मग तिच्या हातांकडे, मग सीटला डोकं टेकून डोळे मिटून घेतले.

"पोचलो की उठव," त्या म्हणाल्या. घरापर्यंत त्यांनी एकदाही डोळे उघडले नाहीत, आणि सासूबाई चालत्या गाडीत डोळे मिटतात, हे मास्तरांनी संसारात पहिल्यांदा पाहिलं.

पार्किंगमध्ये गाडी लागली. हँडब्रेक ओढला. सासूबाईंनी डोळे उघडले आणि म्हणाल्या, चला, उतरवा मला, या पायाला पलंग पाहिजे आता. तिचा हात सवयीने चावीकडे गेला आणि तिथेच थांबला. तिने वायपरची दांडी आधी बंद केली.

"आता कशाची वाट बघतेयस?" सासूबाईंनी विचारलं.

"एक मिनिट, आई. त्यांना घरी जाऊ दे."

दोन्ही वायपर काचेवरून सावकाश खाली आले, मास्तरांच्या रेघेच्या जागेपाशी एकमेकांशेजारी आडवे झाले.

"झोपले," भिंगरी मागून कुजबुजली.

मग तिने चावी काढली.